खोडलेल्या आयनांचा इतिहास : मीठ, चांदी आणि उप्साला येथील एक प्रबंध

१/
मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले, की क्षणार्धात दह्यासारखा पांढरा साका तयार होतो आणि हळूहळू तळाशी बसतो. रसायनशास्त्राच्या परिभाषेत या साक्याला अवक्षेप म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेत पाच सेकंदांत उरकणारा हा प्रयोग कागदावर दोन प्रकारे लिहिला जातो. पहिल्या प्रकाराकडून दुसऱ्याकडे येण्यासाठी रसायनशास्त्राला सुमारे पावणेदोनशे वर्षे लागली. हा धागा त्या प्रवासाचा.

२/
पहिला प्रकार असा :
सिल्व्हर नायट्रेट + सोडियम क्लोराइड → सिल्व्हर क्लोराइड↓ + सोडियम नायट्रेट

दुसरा असा :
सिल्व्हर⁺ + क्लोराइड⁻ → सिल्व्हर क्लोराइड↓

दुसऱ्या ओळीला निव्वळ आयनिक समीकरण म्हणतात. सोडियम आणि नायट्रेट त्यातून खोडलेले आहेत. त्यांना प्रेक्षक आयन असे नाव आहे. जागा वाचवण्यासाठी केलेली ही काटछाट नव्हे. सोडियम आणि नायट्रेट हे अभिक्रियेपूर्वीही पाण्यात सुटे होते आणि नंतरही सुटेच राहिले, असे ठाम विधान त्या खोडण्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक रसायनज्ञांना हे विधान अशक्य वाटले असते.

३/
आरंभ १७१८ मध्ये पॅरिसला होतो. एत्येन फ्रांस्वा जोफ्रुआ याने विज्ञान अकादमीसमोर सोळा स्तंभांचा एक तक्ता मांडला. कोणता पदार्थ कोणाशी अधिक ओढीने जोडला जातो, याची ती उतरंड होती. अधिक ओढ असलेला पदार्थ समोर आला, की पहिली जोडी मोडते आणि नवी जुळते, हा त्यामागचा विचार. पदार्थांच्या या परस्पर ओढीला पुढे ‘आसक्ती’ मानले गेले आणि संपूर्ण अठरावे शतक या कल्पनेने व्यापले.

४/
या कल्पनेला सर्वांत विस्तृत रूप दिले ते स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचा प्राध्यापक टोर्बर्न बर्गमन याने. १७७५ मध्ये त्याने निवडक आकर्षणांवरील प्रबंध प्रसिद्ध केला. दोन क्षार समोरासमोर आले, की दोघेही आपापले जोडीदार बदलतात, ही ‘दुहेरी’ आकर्षणाची मांडणी त्यात आहे. आजच्या शालेय पुस्तकांतील ‘दुहेरी विस्थापन’ हा शब्दप्रयोग त्याच विचाराचा वारस आहे. १७७८ मध्ये बर्गमनने खनिज पाण्याच्या विश्लेषणाची पद्धतही सविस्तर लिहिली. पाण्यात मीठ आहे का, हे पाहण्यासाठी चांदीचे द्रावण; सल्फेट आहे का, हे पाहण्यासाठी बेरिअमचे. अवक्षेप आता साक्षीदार झाला होता.

५/
या साक्षीदाराच्या शब्दावर लवकरच पैशाचे व्यवहारही ठरू लागले. नाण्यातील चांदीची शुद्धता तोवर भट्टीत, शिशाबरोबर वितळवून तपासली जाई. या पद्धतीत चांदीचा काही अंश वाया जाई आणि शुद्धता प्रत्यक्षाहून कमी भरे. १८३२ मध्ये जोझेफ लुई गे-ल्युसाक याने ओल्या पद्धतीची रीत प्रसिद्ध केली : नाण्याचा तुकडा नायट्रिक आम्लात विरघळवायचा आणि ठरावीक तीव्रतेचे मिठाचे पाणी मोजून घालत जायचे. नवा साका येणे थांबले, की हिशेब पूर्ण. किती मीठ लागले यावरून चांदी किती, हे कळे.

६/
याच अचूकतेतून एक कोडे समोर आले. डच रसायनज्ञ मुल्डर याने १८५० च्या दशकात या पद्धतीचा बारकाईने अभ्यास केला. मोजमापाच्या अखेरीस वरच्या निवळीचे दोन भाग केले. एकात मिठाचे पाणी आणि दुसऱ्यात चांदीचे द्रावण घातले, तर दोन्ही भाग किंचित गढूळ होत. म्हणजे चांदी अजून शिल्लक होती आणि मीठही. दोघांची आसक्ती एवढी प्रबळ असेल, तर एकाच भांड्यात शेजारी असूनही ते जोडले का जात नव्हते? आसक्तीच्या तक्त्याजवळ याचे उत्तर नव्हते.

७/
दुसरे कोडे सेंट पीटर्सबर्गला सापडले. १८४० च्या दशकाच्या आरंभी जर्मेन हेस याने दाखवले, की दोन उदासीन क्षारांची विरल द्रावणे मिसळली आणि अवक्षेप झाला नाही, तर उष्णतेत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. सोडियम क्लोराइड आणि पोटॅशियम नायट्रेट यांचे उदाहरण घेता येईल. जोडीदारांची अदलाबदल होत असेल, तर जुने बंध तुटताना आणि नवे जुळताना उष्णतेचा काही तरी हिशेब दिसायला हवा. येथे तापमापी स्तब्ध राहत होती. जणू भांड्यात काही घडलेच नव्हते.

८/
‘आयन’ हा शब्द तोवर जन्माला आला होता. १८३४ मध्ये मायकेल फॅरेडेने केंब्रिजचा विद्वान विल्यम ह्यूएल याच्या सल्ल्याने ग्रीक भाषेतून तो घेतला; अर्थ ‘जाणारा’. द्रावणातून वीज जाताना धनाग्राकडे आणि ऋणाग्राकडे सरकणारे कण ते आयन. मात्र फॅरेडेच्या मांडणीत त्यांना वेगळे करण्याचे काम वीज करीत असे. तार सोडवली, की आयनांचे प्रकरण संपले. मिठाच्या वाटीत, वीज नसताना, सुटे आयन सदैव फिरत असतील असे त्यात कोठेही अभिप्रेत नव्हते.

९/
पहिली भेग १८५७ ची. रुडॉल्फ क्लाउसियस याने आक्षेप घेतला, की वीजच जर रेणू फोडत असेल, तर एका विशिष्ट दाबाखाली प्रवाह वाहूच नये. प्रत्यक्षात अगदी क्षीण दाबालाही प्रवाह वाहतो. म्हणून काही थोडे रेणू आधीच फुटलेले असले पाहिजेत. क्लाउसियसच्या मते हे प्रमाण अत्यल्प होते. पुढे फ्रीडरिश कोलराउशने १८७० च्या दशकात मोजमापांनी दाखवले, की विरल द्रावणात प्रत्येक आयन आपल्या जोडीदाराची पर्वा न करता स्वतःच्या वेगाने सरकतो. जोडीदार असेलच, तर तो इतका दुरावलेला कसा, हा प्रश्न मात्र त्या काळी कोणी टोकाला नेला नाही.

१०/
तो टोकाला नेणारा विद्यार्थी बर्गमनच्याच उप्साला येथील होता. स्वान्ते अऱ्हेनियसचा जन्म १८५९ चा. उप्साला येथील वातावरण न मानवल्याने तो १८८१ मध्ये स्टॉकहोमला, एरिक एडलुंड या भौतिकशास्त्रज्ञाकडे गेला. तेथे त्याने अतिविरल द्रावणांची वाहकता मोजली. द्रावण जसजसे विरल करावे, तसतशी विरघळलेल्या पदार्थाच्या प्रमाणात त्याची वाहकता वाढत जाते, असे त्याला आढळले. यावरून त्याने अनुमान काढले, की विद्राव्याचा काही भाग ‘क्रियाशील’ असतो, काही निष्क्रिय. पाणी वाढवले, की क्रियाशील भाग वाढतो. जो भाग वीज वाहतो, तोच रासायनिक अभिक्रियाही करतो.

११/
१८८४ च्या मे महिन्यात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याने उप्साला येथे प्रबंधाचे समर्थन केले. फ्रेंच भाषेतील या प्रबंधात ५६ विधाने होती. परीक्षकांनी प्रबंध नाकारला नाही. मान्यतेची अत्यंत बेताची श्रेणी दिली. समर्थनाच्या भाषणाला तिच्याहून एक पायरी वरची मिळाली. त्या श्रेणीवर विद्यापीठात अध्यापनाचे दार सहसा उघडत नसे. रसायनशास्त्राचा प्राध्यापक पेर तेओदोर क्लेव्ह हा १८७९ मध्ये होल्मियम आणि थुलियम शोधणारा मान्यवर संशोधक. आपण नवा सिद्धान्त मांडल्याचे सांगितल्यावर त्याने सौजन्याचे दोन शब्द बोलून निरोप दिला, अशी आठवण अऱ्हेनियसने पुढे सांगितली आहे.

१२/
अऱ्हेनियसने प्रबंधाच्या प्रती युरोपातील जाणकारांना पाठवल्या. एक प्रत रीगा येथील विल्हेल्म ओस्टवाल्डच्या हाती पडली. ओस्टवाल्डच्या आठवणीनुसार त्याच दिवशी त्याची दाढ भयंकर ठणकत होती आणि घरी कन्यारत्न झाले होते. तरीही झोप उडवली ती प्रबंधाने. आम्ले अभिक्रिया किती वेगाने घडवतात, हे तो स्वतः मोजत होता. त्याचे आकडे आणि अऱ्हेनियसचे वाहकतेचे आकडे एकमेकांशी जुळत होते. ऑगस्टमध्ये ओस्टवाल्ड स्वतः उप्साला येथे पोहोचला आणि या तरुणाला त्याने रीगाला येण्याचे निमंत्रण दिले. बाहेरच्या विद्यापीठाने दखल घेतल्यावर उप्सालानेही अध्यापनाचे पद देऊ केले.

१३/
प्रबंधात ‘क्रियाशील भाग’ म्हणजे नेमके काय, हे सावधपणे झाकलेले होते. पडदा उघडला तो १८८७ मध्ये. त्याआधी फ्रांस्वा-मारी राऊल याने द्रावणांचे गोठणबिंदू मोजले होते आणि याकोबुस व्हान्ट हॉफ याने परासरण दाबाचे गणित बसवले होते. साखर त्या गणितात चपखल बसत होती. मीठ बसत नव्हते. साखरेचे जितके रेणू घ्यावे तितकेच मिठाचे घेतले, तर गोठणबिंदू जवळजवळ दुपटीने खाली जाई. कॅल्शियम क्लोराइड घेतले, तर तिपटीच्या आसपास. अऱ्हेनियसने सरळ अर्थ लावला : मिठाच्या एका रेणूचे पाण्यात दोन कण होतात, कॅल्शियम क्लोराइडचे तीन. हे कण म्हणजेच आयन. त्यांना वेगळे करायला विजेची गरज नाही. पाणी पुरेसे आहे.

१४/
आता जुनी कोडी एकामागून एक सुटू लागली. हेसच्या भांड्यात सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम आणि नायट्रेट हे चारही आयन मिसळण्यापूर्वी सुटे होते, मिसळल्यावरही सुटेच राहिले. समान पदे दोन्ही बाजूंनी खोडली, की समीकरणात काहीच उरत नाही. तापमापी हलत नव्हती, कारण अभिक्रियाच नव्हती.

वाल्टर नेर्न्स्टने १८८९ मध्ये विद्राव्यता गुणाकाराची कल्पना मांडली आणि मुल्डरचे कोडेही उलगडले. सिल्व्हर क्लोराइड पूर्णतः अविद्राव्य नाही. २५ अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात ते सुमारे १.९ मिलिग्रॅम विरघळते. दोन्ही आयनांच्या संहतींचा गुणाकार ठरावीक मर्यादेच्या वर गेला, की साका येतो. निवळीत तो गुणाकार मर्यादेवरच असतो. चांदी किंवा मीठ, कोणतेही वाढवले, तरी तोल ढळतो.

१५/
१८९४ मध्ये, लाइपझिगला स्थिरावलेल्या ओस्टवाल्डने वैश्लेषिक रसायनशास्त्राच्या शास्त्रीय पायावर एक ग्रंथ लिहिला. त्याचे सार असे : द्रावणातील परीक्षा या पदार्थांच्या नसून आयनांच्या परीक्षा आहेत. क्लोरोफॉर्ममध्ये क्लोरीन आहे, पोटॅशियम क्लोरेटमध्येही आहे. पण सिल्व्हर नायट्रेटने दोहोंतही पांढरा साका येत नाही, कारण क्लोराइड आयन तेथे नाही. पोटॅशियम फेरोसायनाइडमध्ये लोह असते, तरी लोहाच्या नेहमीच्या परीक्षांना ते दाद देत नाही. लोह तेथे सायनाइडसह एका मोठ्या आयनात अडकलेले असते. पोथीतल्या पाठांतरासारखी झालेली शेकडो परीक्षांची यादी या एका सूत्राने आवरली गेली.

१६/
या विचारातून लेखनाची रीत आली. तिचे टप्पे थोडकेच आहेत.

प्रथम संपूर्ण समीकरण लिहावे आणि ते संतुलित करावे. मग पाण्यात विरघळलेले आणि पूर्णपणे विचरण पावणारे पदार्थ तेवढे आयनांत फोडावेत. अवक्षेप, वायू, पाणी आणि दुर्बल आम्ले अखंड ठेवावीत. दोन्ही बाजूंना जसेच्या तसे असणारे आयन खोडावेत. शेवटी अणूंची संख्या आणि प्रभारांची बेरीज, दोन्ही जुळतात का, ते पाहावे.

लेड नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइडचा पिवळा साका :
लेड²⁺ + २ आयोडाइड⁻ → लेड आयोडाइड↓

कॉपर सल्फेटच्या द्रावणात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडल्यावर येणारा काळा साका :
कॉपर²⁺ + हायड्रोजन सल्फाइड → कॉपर सल्फाइड↓ + २ हायड्रोजन⁺

हायड्रोजन सल्फाइड अत्यंत दुर्बल आम्ल असल्याने अखंड राहिले. काय फोडायचे, हा निर्णय चुकला, तर खोडणेही चुकते.

१७/
विरोध मोठा होता आणि विरोधक सामान्य नव्हते. आवर्तसारणीचा कर्ता मेंडेलीव्ह याला द्रावण म्हणजे विद्राव्य आणि पाणी यांचे रासायनिक संयोग वाटत. त्यात सुट्या आयनांना जागा नव्हती. लंडनमध्ये हेन्री आर्मस्ट्राँगने आयनवाद्यांची सतत खिल्ली उडवली. एक आक्षेप तर कोणाही विद्यार्थ्याला सुचावा असा : सोडियम पाण्यात पडला तर पेट घेतो, क्लोरीन विषारी वायू आहे, मग मिठाच्या पाण्यात दोन्ही सुटे असूनही ते निवांत कसे? प्रभारित आयन आणि उदासीन अणू यांचे गुणधर्म वेगळे असतात, हे उत्तर अऱ्हेनियसपाशी होते. तो फरक कशामुळे पडतो, हे सांगण्यासाठी मात्र इलेक्ट्रॉन लागत होता आणि तो १८९७ पर्यंत सापडलेला नव्हता.

१८/
सर्वांत टोकदार आक्षेप प्रयोगातून आला, तोही ओस्टवाल्डच्याच शिष्याकडून. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या लुईस कालेनबर्गने १९०२ मध्ये कॉपर ओलिएट बेंझिनमध्ये विरघळवले. त्यात कोरडा हायड्रोजन क्लोराइड असलेले बेंझिन मिसळले. कॉपर क्लोराइडचा साका तत्काळ आला. या द्रावणांतून वीज वाहत नव्हती. म्हणजे तेथे आयन गृहीत धरता येत नव्हते. शीघ्र अवक्षेपण केवळ आयनांमुळेच होते, हा आयनवाद्यांचा दावा त्यामुळे उणा पडला. सिद्धान्त कोसळला नाही, त्याची कक्षा ठरली. निव्वळ आयनिक समीकरण हे प्रामुख्याने पाण्यातील द्रावणांचे लेखन आहे. द्रावक बदलला, की ते पुन्हा पारखून घ्यावे लागते.

१९/
१९०३ मध्ये अऱ्हेनियसला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी नोबेल समितीत क्लेव्हही होता. एकोणीस वर्षांपूर्वी बेताची श्रेणी मिळालेला विचार आता त्याच देशाने सर्वोच्च मानाचा ठरवला. पण सिद्धान्ताची परीक्षा अद्याप संपली नव्हती. मिठासारख्या प्रबळ क्षारांचे केवळ काही रेणू फुटतात आणि उरलेले अखंड राहतात, असे अऱ्हेनियस मानत होता. आणि नेमके याच क्षारांच्या बाबतीत त्याचे गणित चुकत होते.

२०/
१९०९ मध्ये कोपनहेगनच्या नील्स ब्येरम याने सुचवले, की प्रबळ क्षार पूर्णतः विचरण पावतात. १९१३ च्या सुमारास ब्रॅग पितापुत्रांच्या क्ष-किरण प्रयोगांनी दाखवले, की घन मिठात मुळी रेणूच नसतात. सोडियम आणि क्लोरीन एकाआड एक रचलेले असतात. १९१८ मध्ये कलकत्त्याच्या विद्यापीठ विज्ञान महाविद्यालयात प्रफुल्लचंद्र राय यांचे शिष्य ज्ञानचंद्र घोष यांनी पूर्ण विचरण गृहीत धरून नवे गणित मांडले. तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आत होते. द्रावणातही आयन स्फटिकासारख्या जाळीत बांधलेले असतात, ही त्यांची कल्पना पुढे टिकली नाही. पण पीटर डिबाय आणि एरिक ह्यूकेल यांनी १९२३ मध्ये आपला सिद्धान्त मांडताना घोष यांच्या कार्याची दखल घेऊनच पुढचे पाऊल टाकले.

२१/
या नव्या चित्रात प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराच्या आयनांचे विरळ वलय असते. सोडियम आणि नायट्रेट हे चांदी-क्लोराइडच्या भेटीकडे दुरून पाहणारे निर्विकार प्रेक्षक राहिले नाहीत. त्यांचे प्रमाण वाढले, की सिल्व्हर क्लोराइड किंचित अधिक विरघळते. ‘प्रेक्षक’ या शब्दाचा अर्थ एवढाच, की अभिक्रियेच्या आधी आणि नंतर त्यांचे स्वरूप बदलत नाही.

२२/
बर्गमनने खनिज पाण्यात चांदीचे द्रावण टाकले तेव्हाही साका पांढराच होता आणि आजही तो पांढराच आहे. बदलले ते त्या साक्याविषयी केले जाणारे विधान. जोफ्रुआच्या तक्त्यात ती आसक्ती होती, बर्गमनकडे जोडीदारांची अदलाबदल, अऱ्हेनियसकडे फुटलेल्या रेणूंची भेट आणि १९२३ नंतर, मुळात कधी रेणू नसलेल्याच आयनांचे पुन्हा स्फटिकात जाणे. वहीत ‘सोडियम⁺’ आणि ‘नायट्रेट⁻’ यांवर रेघ ओढणारा विद्यार्थी एका ओळीत हे सारे मान्य करीत असतो. त्या रेघेची किंमत एका तरुणाने जवळजवळ आपल्या अध्यापनाच्या भवितव्याने मोजली होती.